पी16 पॉझिटिव्ह : मीही ते ‘चांगलं आलंय’ असंच वाचलं होतं

तुमच्या रिपोर्टमधली ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. ‘सीआयएन 2, पी16 ब्लॉक पॉझिटिव्ह, केआय-67 वरच्या थरांपर्यंत.’ सीआयएन 2 म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींतला कॅन्सरआधीचा, मधल्या पायरीचा बदल; ब्लॉक पॉझिटिव्ह म्हणजे पी16चा रंग सलग पट्ट्यासारखा उमटलेला. आणि खाली तुमचा प्रश्न : पी16 कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, मग पॉझिटिव्ह म्हणजे बरंच ना?

नाही हो ताई. मी डॉक्टर नाही, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पण अगदी हेच वाक्य मी सात वर्षांपूर्वी नवऱ्याला ऐकवलं होतं, तेही ठसक्यात.

हे घडवणारा विषाणू एचपीव्ही, तो कसा होतो वगैरे सांगत बसत नाही. घोळ पुढे आहे. पी16 हा खराच ब्रेक. सीडीके4 आणि सीडीके6 या एन्झाइमांना तो अडवतो, त्यामुळे आरबी प्रथिन ई2एफला, म्हणजे पेशीला चालना देणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतं आणि पेशी डीएनएची नक्कल करायला घेत नाही. विषाणूचं ई7 हे प्रथिन थेट आरबीलाच निकामी करतं. ई2एफ मोकळं! मग पी16 कितीही असो, उपयोग शून्य. उलट एरवी पी16वर आरबीचाच वचक असतो. तो गेला की पी16 साचत जातं. स्कूटरच्या ब्रेकची वायर तुटली की आपण लिव्हर आणखी जोरात दाबतो ना, तसं. स्लाइडवरचा तो सलग तपकिरी पट्टा म्हणजे हे दाबणं. दुसरीकडे विषाणूचंच ई6 पी53 या पहारेकरी प्रथिनाचा काटा काढतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीला थांबवणारंही कोणी उरत नाही. केआय-67 हे विभागणीचं चिन्ह, एरवी तळाजवळ दिसतं. तुमच्यात ते वर चढलंय.

यातलं निम्मं मी दरवर्षी फळ्यावर काढते. म्हणूनच घात झाला. आमच्या डॉक्टर रजेवर होत्या, रिपोर्ट मीच फोडला, ‘पी16’ वाचून खूश झाले आणि फाइल कपाटात साड्यांखाली ठेवली. चौदा महिने. मध्ये अंगावरून लाल जायला लागलं, तेही पाळीचं वय म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा सीआयएन 3 झालं होतं, कोन (गर्भाशयाच्या तोंडाचा शंकूसारखा तुकडा) काढावा लागला. कडा स्वच्छ निघाल्या, हे नशीब. माझी हुशारी नव्हे.

तर माझं मत (मतच आहे, सल्ला तुमच्या डॉक्टरांचा घ्या) : या आठवड्यात कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. घाबरू नका, सीआयएन 2 म्हणजे कॅन्सर नव्हे. काहींचं आपोआप ओसरतं, आणि मूल हवं असलेल्या तरुण बायकांना कधी कधी नुसतं लक्ष ठेवून थांबायला सांगतातही. पण ते त्यांनी ठरवायचं, गूगलने नाही. मी तर गूगलसुद्धा केलं नव्हतं!

‘पॅप नॉर्मल होता की गेल्या वर्षी’ असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. (पॅप म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी खरवडून केलेली तपासणी.) उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला होता, 2009 साली छापून आला. एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅपच्या गटात तसा फरक दिसला नाही. मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लशीचंही विचारून ठेवा.

आणि ब्लॉक! हा रिपोर्टमधला ‘ब्लॉक’ नव्हे, तपासणीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेली वडी. दुसरीकडे दाखवायचं तर हा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागतात. मला पहिल्या ठिकाणच्या खिडकीवर तीन खेपा घालायला लावल्या. एकदा चावीवाले नाहीत, एकदा अर्ज ‘आमच्या’ कागदावर नाही, तिसऱ्यांदा जेवणाची सुट्टी, घड्याळात पावणेबारा. तुम्ही अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून बघा. ब्लॉक अंगठ्याएवढा असतो, प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेला. मेणच ते, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.