पाखरांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अंगणात बुलबुलाचं पिल्लू जमिनीवर सापडलं. त्याला उडता येत नाही. नातवंडांनी खोक्यात ठेवलंय, कापसाच्या बोळ्याने दूध पाजतोय. आई फिरकलेली नाही. आता काय करावं? (एक आजी)

आजी, तुम्हाला त्याच दिवशी फोनवर कळवलं होतं, पण हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

दूध अजिबात नको. पाखरांना ते पचत नाही, आणि चोचीत सोडलेला थेंब सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतो. आता पिल्लाकडे नीट बघा. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, हातात धरलं तर बोटाला घट्ट पकडतं? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालंय. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि पुढचे काही दिवस झुडपात, जमिनीवर फडफडत काढतात. आईबाप तिथेच येऊन भरवतात. तुम्ही भोवती उभे आहात तोवर मात्र ते जवळ येणार नाहीत. पिल्लू मांजर-कुत्र्याच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्याच झुडपात ठेवा, आत जा आणि खिडकीतून तासभर बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही.

पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते घरट्यातच परत ठेवायला हवं. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत वाळकं गवत घालून ती त्याच फांदीला बांधा. जखमी असेल किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल, तर वेळ न घालवता पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याकडे न्या.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. पाखरं बघायला लागले त्या पहिल्या वर्षी असंच एक पिल्लू मी घरात आणलं होतं. खिडकीबाहेर त्याची आई दिवसभर ओरडत होती आणि मला वाटत होतं, मी त्याला वाचवतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. ती हाक मी अजून विसरलेले नाही.

पुढे काही वर्षांनी गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. गुलाबीसर पांढरी, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. साधारण दोन आठवडे उबवण चालली. पडद्याच्या फटीतून मी रोज बघायचे. पिल्लाला भरवून झालं की आई लगेच उडायची नाही, मान वाकवून थांबायची. पिल्लू वळायचं, शेपटाकडून एक पांढरी, ओली, पातळ पिशवीतली शीट बाहेर यायची आणि ती खाली पडायच्या आत आई चोचीत धरून लांब नेऊन टाकायची. घरट्याच्या काडीलाही डाग नाही! तीन पिल्लं, दिवसभर हेच. अशी आई पिल्लाला सोडून सहजासहजी जाईल, हे मला पटत नाही.

प्रश्न : गेले पंधरा दिवस एक दयाळ पहाटेपासून आमच्या खिडकीच्या काचेवर चोच मारतोय. त्याला आत यायचंय का? (एक वाचक)

नाही, त्याला काचेतल्या दयाळाला हाकलायचंय. विणीच्या दिवसांत नर आपला इलाखा जिवापाड राखतो आणि स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतो. खरा शत्रू दोन-चार झटापटींत पळतो, हा मात्र पळतच नाही, म्हणून बिचारा दमेपर्यंत भांडत राहतो. उपाय काचेच्या बाहेरून करायचा. आतून पडदा ओढलात तर बऱ्याचदा प्रतिबिंब अधिकच ठळक होतं. बाहेरून जुनी चादर टांगा किंवा साबणाचा फेस फासून वाळू द्या. आमच्या इमारतीत असाच एक दयाळ स्कूटरच्या आरशाशी भांडायचा. आरशावर मी जुना पायमोजा चढवला. तो हँडलवर येऊन बसला, मान तिरकी करून मोज्याकडे बघितलं, आणि विजेच्या खांबावर जाऊन गायला लागला.

काचेवर वेगाने आदळणं हा वेगळा आणि जिवावरचा प्रकार. तिथे काचेत झाडं, आभाळ दिसतं आणि पाखरू ते खरं मानतं. काचेच्या बाहेरच्या बाजूला साधारण 5 सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा. एखादाच मोठा स्टिकर लावून भागत नाही.

प्रश्न : बाबा मला दुर्बीण घेणार आहेत. 20 पट मोठं दाखवणारी चांगली ना? (इयत्ता सातवी)

नको बाळा, हात जरा हलला की सगळं चित्र नाचतं. 8×42 माग. 8 म्हणजे आठपट मोठं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकड, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आण. ती येईपर्यंत वहीत आकार लिहीत जा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग शेपूट, चोच, आणि तो काय करत होता ते. रंग शेवटी, कारण उन्हात आणि सावलीत रंग फसवतात.

प्रश्न : रात्री दोन वाजता कोकिळा का ओरडते? (झोपमोड झालेला)

ती कोकिळा नाही, कोकीळ आहे. ‘कुहू’ घालणारा काळाकुळकुळीत नर असतो. विणीच्या काळात तो रात्रीही गातो. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा. पहाटे उठलाच असाल तर जवळच्या कावळ्याच्या घरट्यावर लक्ष ठेवा. नर कावळ्यांना आपल्यामागे पळवतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून निसटते, हे तुम्हाला बघायला मिळू शकतं.

प्रश्न : निवृत्तीनंतर रोज सकाळी गच्चीवरून पक्षी मोजतो. या वहीचा कुणाला उपयोग? (एक निवृत्त शिक्षक)

सर, फार मोठा. ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं ऑनलाइन भांडार 2002 पासून चालू आहे आणि त्यात बहुतेक नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच आहेत. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्यात किमान 15 मिनिटं एका जागी बसून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे. ‘सगळे’ हा शब्द महत्त्वाचा. नवखे लोक नवलाचा पक्षी तेवढा लिहितात आणि कावळे, पारवे सोडून देतात. मग दहा वर्षांनी पारवे वाढले की घटले, हे कळणार कसं? वेळ, किती मिनिटं बसलात, प्रत्येकाची संख्या, एवढं हवंच. माझ्या वहीत करडा धोबी हा थंडीचा पाहुणा पक्षी दर हिवाळ्याआधी पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख लाल शाईने असते. तुमच्या गच्चीवरच्या टाकीपाशी पाणी झिरपत असेल तर सप्टेंबरपासून तिथे बघत राहा, आणि तो दिसला की मला एक ओळ जरूर लिहा.