जंगलात घुसून शेती आणि वर मोर्चा?

प्रश्न : मी शहरातल्या शाळेत आठवी-नववीला नागरिकशास्त्र शिकवते. नाशिकच्या लाँग मार्चबद्दल, म्हणजे 2018 ला आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले त्याबद्दल सांगत होते तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सरकारच्या जंगलात घुसून शेती करायची आणि वर मोर्चा काढायचा?" मला पटकन काही सुचलंच नाही. वर्गात दोन आदिवासी मुलं आहेत, ती खाली मान घालून बसली. काय करू?

उत्तर : ताई, त्याला दामटून गप्प नाही केलंत ते बरं केलं, हा प्रश्न मोठी माणसंपण विचारतात. आधी त्यालाच विचारा, जंगल सरकारचं झालं कधी? इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने राखीव जंगलं करायला घेतली आणि आत आधीपासून राहणारी माणसं कागदावर अतिक्रमणवाली झाली. मग 2006 च्या वनहक्क कायद्याचं पूर्ण नाव फळ्यावर लिहा, लांबलचक आहे पण त्यात 'वनहक्क मान्य करणे' असं आहे, 'देणे' नाही, म्हणजे हक्क आधीपासूनच होता. या एका शब्दावर तुमचा अख्खा तास जाईल बघा.

दुसऱ्या दिवशी वर्गाची ग्रामसभा करा. या कायद्याखाली दावा करायचा तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं, कुटुंबाचा जास्तीत जास्त 4 हेक्टरवर हक्क मान्य होतो, आणि सातबारा तर नाहीच, मग पुरावा काय देणार? जुना बांध, विहीर, गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब आणि फॉरेस्टवाल्यांनी अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावती! ज्या कागदाने आजोबाला चोर ठरवलं तोच पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचा, कारण जमीन तेव्हापासून आपण कसतोय हे त्याच्यावरच लिहिलंय. एकाला फॉरेस्ट गार्ड करा, त्याची बाजूही नीट मांडू द्या, नाहीतर नुसतं नाटक होईल.

मोर्चा त्यानंतर घ्या. वनहक्काचे दावे पडून होते, काहींना कसतात त्यापेक्षा कमी जमिनीचा पट्टा मिळाला होता म्हणून 6 मार्च 2018 ला माणसं नाशिकहून निघाली, जवळपास 180 किलोमीटर, कितीतरी जण फाटक्या चपलांनी, आणि 11 तारखेला मुंबईत पोचल्यावर दहावीच्या मुलांना पेपरला जायला अडचण नको म्हणून थकलेल्या पायांनी रातोरात आझाद मैदान गाठलं. हे तुमच्या पोरांना बरोब्बर कळेल.

आणि त्या दोघांना उभं करून 'तुमच्याकडे कसं असतं सांगा' असं मात्र अजिबात करू नका. घरात तशी पावती असेल आणि आणावीशी वाटली तर ती आपणहून आणतील.