मेनू वाढत चाललाय? आधी ‘बिल’ म्हणजे काय ते ठरवा

तुमचा प्रश्न असा: बिलं बनवण्यापुरतं सुरू झालेलं ॲप आता खर्च, जीएसटी, पगार, बँक जुळवणी, कर्ज सगळंच करतं. खालची पट्टी भरली आणि नवीन येईल ते ‘आणखी’मध्ये कोंबलं जातं. पट्टी बदलावी की बाजूचा मेनू आणावा?

ते नंतर. इंदूरला मी अशाच एका ॲपवर होतो. आमचा मेनू पाहून ऑफिसातल्या टीम मोजता यायच्या, पेमेंटवाल्यांचा एक टॅब, कर्जवाल्यांचा एक. सियागंज या तिथल्या बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन बसलो, तर ते म्हणाले, “भिया, पैसा किससे लेना है, वो कहाँ दिखेगा?” उधारीची यादी होती की! रिपोर्ट्स, त्यात रिसीव्हेबल्स (येणं), त्यात एजिंग (कोणाचं किती दिवस थकलंय). गल्ल्यापुढे गिऱ्हाईक उभं असताना एवढं कोण खोदणार?

दुसरी फजिती ‘बिल’ शब्दाने केली. अकाउंटिंगच्या इंग्रजीत आपण गिऱ्हाइकाला देतो तो इनव्हॉइस, पुरवठादाराकडून येतं ते बिल. आपल्या बाजारात दोन्ही बिलंच. लोक ‘बिल्स’ उघडून स्वतःची विक्री शोधत बसायचे. टॅबना ‘विक्री’ आणि ‘खरेदी’ म्हटलं आणि गोंधळ थांबला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीला एफ८, खरेदीला एफ९ दाबून हात बसलेल्या मुनीमजींनाही हीच विभागणी सवयीची.

तेव्हा आयकॉन, रंग बाजूला ठेवून मेनूचे नुसते शब्द लोकांपुढे ठेवा (याला ट्री टेस्टिंग म्हणतात) आणि कामं सांगा: “६० दिवसांवर कोणाचे पैसे थकलेत ते शोधा.” पहिलं बोट कुठे जातं तेवढं टिपा. मालक आणि मुनीम यांना वेगवेगळं बसवा. एकत्र बसले की मालक मुनीमजींच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात.

पट्टीचं म्हणाल तर गूगलची ॲप-डिझाइनची नियमावली, मटेरियल डिझाइन, तीन ते पाच जागा सांगते. मालकाच्या फोनवर चार पुरतात: आज, विक्री, खरेदी, येणं-देणं. पगार, बँक जुळवणी ही मुनीमजींची निवांत बसून करायची कामं, ती लॅपटॉपवर डावीकडच्या मेनूत.

आणि तारीख बघा हो! आम्ही नवा मेनू ९ तारखेला सोडला. मासिक रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) मुदत ११, जीएसटीआर-३बी ची (कर भरायचं रिटर्न) २०. दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. २५ नंतर सोडा, तोवर तिमाही रिटर्नवाल्यांची ३बी ची २२-२४ सुद्धा उरकलेली असते. जुन्या जागी महिनाभर ‘आता इकडे’ अशी पाटी ठेवा, तिच्यावर बोट लावलं की माणूस नव्या जागी पोचला पाहिजे.

कर्जाचा टॅब काढायला वरचे लोक तयार होणार नाहीत, कमाई तिथे असते. येणं-देणंमध्ये थकबाकीच्या आकड्याखाली कर्जाची एक ओळ ठेवून दाखवा. आमच्याकडचं भांडण त्यावरच मिटलं.