वाचक विचारतात: ‘शाब्बास’ म्हणूनही हात वर का होत नाहीत?

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ३४ मुलं आहेत. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी रागावणं सोडलं, सगळ्यांना ‘छान, शाब्बास’ म्हणते. तरी उत्तराला तेच तीन हात वर. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, धारूर तालुका

उत्तर : सरसकट वाटलेली शाबासकी तिसऱ्या दिवशी स्वस्त होते. मुलानं नेमकं काय केलं ते बोला : ‘हातचा वर लिहून ठेवलास, म्हणून बेरीज चुकली नाही.’ ‘तू हुशार आहेस’ हे मात्र टाळा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं, ती अवघड कामापासून मागे सरली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. हुशार ठरलेल्याला चुकायची भीती जास्त.

हात वर न होण्याचं कारण बहुधा तुमची घाई आहे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. वर्गात घड्याळ कोण बघणार? मनात सावकाश म्हणा : तुळजापूर, अंबाजोगाई, परळी. तेवढं पुरतं. आधी प्रश्न, मग थांबणं, आणि शेवटी नाव. नाव आधी घेतलंत की उरलेली ३३ मुलं तिथंच सुटली. प्रश्न जड असेल तर आधी पाटीवर उत्तर लिहू द्या, मग अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या.

चुकलेल्या उत्तरावर ‘दुसरं कोण सांगेल?’ म्हणू नका, ‘कसं काढलंस?’ विचारा. ४२ वजा १७ बरोबर ३५ असं लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. त्यानं दोन्ही घरांत मोठ्यातून लहान आकडा वजा केलेला असतो : सातातून दोन, चारातून एक. त्याला तुराटीच्या काड्या द्या, दहा-दहाच्या चार जुड्या आणि दोन सुट्या. सात काढायला सांगा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच एक जुडी सोडेल. सुट्या बारा होतात, सात काढून पाच उरतात. राहिलेल्या तीन जुड्यांतली एक काढली की २५. मग हेच वहीत मांडून घ्या. काड्यांवरून थेट पुढच्या गणितावर उडी मारली की चूक आठवड्यात परत येते.

प्रश्न : छडी गेली आणि वचकही गेला. मधल्या सुट्टीनंतर आठवीचा वर्ग आवरत नाही.
— एक शिक्षक, औसा

उत्तर : छडी परत यायची नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं. टोपणनावानं हिणवणंही त्यातच आलं.

गोंधळ कधी होतो ते चार दिवस टिपून ठेवा. वह्या वाटताना, फळा पुसताना, तास बदलताना. म्हणजे मुलांच्या हाताला काम नसतं तेव्हा. सुट्टीआधीच फळ्यावर पाच मिनिटांचं काम लिहून ठेवा. सूचना एका वेळी एकच, आणि काय करायचं त्याची. ‘गोंधळ करू नका’ यात करण्यासारखं काहीच नसतं. ‘वही उघडा, तारीख टाका’ यात असतं. एखाद्याला टोकायचं तर बाकाजवळ जाऊन हळू आवाजात टोका. सगळ्यांसमोर टोकलं की आठवीतला मुलगा अभ्यास सोडून इज्जत सांभाळत बसतो.

प्रश्न : ऊसतोडीहून परतलेली मुलं गप्प बसतात.
— केज

उत्तर : ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न वर्गात नको. पहिल्या दिवशी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं एक उतारा आणि चार उदाहरणं द्या, कुठं अडतं ते कळेल. वजनमापं शिकवताना टन, मोळी, खेप हे त्यांचेच शब्द वापरा. पुढच्या हंगामासाठी हंगामी वसतिगृहाची (आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावीच ठेवण्याची सोय) चौकशी दिवाळीआधीच करा, कोयता घेऊन टोळी निघाल्यावर नाही.

प्रश्न : बी.एड. करते आहे. पुढे शिक्षणशास्त्राची प्राध्यापक व्हायचं आहे.
— एक छात्राध्यापिका, नांदेड

उत्तर : सरळ मार्ग असा : शालेय विषयात ५५ टक्क्यांनी एम.ए. किंवा एम.एस्सी., एम.एड. ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते. नियम बदलत राहतात, त्यामुळे पदाची जाहिरात वाचूनच अर्ज करा. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. विनाअनुदानित महाविद्यालयात रुजू होताना वेतन लेखी घ्या.

तयारी मात्र आजपासून, सूक्ष्म अध्यापनातून, म्हणजे मोजक्या जणांसमोर घेतलेल्या छोट्या सराव पाठातून. त्याचं चक्र ३६ मिनिटांचं : सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण (बघणाऱ्यांचा अभिप्राय), बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. वेळ नाही म्हणून दुसरा पाठ गाळला की चक्राला अर्थ उरत नाही, कारण सुधारणा दिसते ती तिथंच. मैत्रिणीचा पाठ बघताना ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुंदर’ एवढ्यावर थांबू नका. किती प्रश्न विचारले, किती वेगळ्या मुलांची नावं घेतली, प्रत्येक प्रश्नानंतर किती सेकंद थांबली, हे आकडे निरीक्षण वहीत लिहा आणि पाठ संपताच तिला दाखवा.