उत्तर: रिसर्च इंटर्नशिपची दुसरी फेरी गुरुवारी आहे, आता काय करू?

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवाकालव झाली. पहिल्या फेरीत स्वतःच्याच पेपरवरच्या प्रश्नाला अडखळलात, गुरुवारी दुसरी फेरी, आणि तुम्ही विचारताय लीटकोडचे (कोडिंग मुलाखतीच्या सरावाची वेबसाइट) आणखी किती प्रश्न सोडवू! पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. कोडिंग तुम्हाला येतंय, ते पोस्टवरून दिसतंच.

माझी फेरी ४५ मिनिटांची होती. पेपर बर्ट हे तयार भाषा-मॉडेल छोट्या डेटासेटवर फाइनट्यून करण्याबद्दल, म्हणजे ठरावीक कामासाठी आणखी शिकवण्याबद्दल होता. आरटीईवर (एका वाक्यावरून दुसरं निघतं का, हे ओळखायची चाचणी) आमची अचूकता १.१ टक्क्यांनी वाढली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याच स्लाइडवर मला थांबवलं. "डेव्ह सेटमध्ये उदाहरणं किती?" म्हणजे मॉडेल तपासायला बाजूला ठेवलेल्या डेटात. २७७. "मग १.१ टक्के म्हणजे किती उदाहरणं?" मी कागदावर हिशेब केला. तीन. अख्ख्या पेपरचा डोलारा तीन वाक्यजोड्यांवर. "आणि सीड किती घेतले होते?" एक. (सीड म्हणजे प्रशिक्षणातली यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा; तो बदलला की निकालही थोडा हलतो.)

इथवर सगळं सावरता आलं असतं. पण पुढची १५ मिनिटं मी त्या तीन जोड्यांची वकिली करत बसले. रिव्ह्यूअरना चाललं, बाकीच्या टास्कवरही थोडं वाढलंय, वगैरे. छोट्या डेटावर बर्ट-लार्ज (बर्टचं मोठं रूप) कधीकधी अस्थिर वागतं, म्हणून लेखकांनी वेगवेगळे रीस्टार्ट घेतले, हे बर्टच्या मूळ पेपरातच लिहिलंय. तो पेपर माझा पाठ होता! "हा फरक नुसत्या सीडमुळेही असू शकतो, दहा सीड घेऊन सरासरी आणि विचलन बघायला हवं," एवढं बोलले असते तर ती १५ मिनिटं तो प्रयोग आखण्यात गेली असती. माझ्या मते त्यांना तेच बघायचं होतं. नकार आला, तो उन्हाळा गेला.

म्हणून गुरुवारपर्यंत लीटकोड बंद करा. पेपरमधला सगळ्यात कच्चा तक्ता काढा. प्रत्येक आकड्यापुढे लिहा: उदाहरणं किती, सीड किती, बेसलाइन (तुलनेसाठीची पद्धत) स्वतः चालवली की दुसऱ्याच्या पेपरातून उचलली. प्रयोग सहलेखकाने चालवले असतील तर आज रात्रीच त्याला फोन लावा. अर्थात मी एनएलपीतली, म्हणजे संगणकाला भाषा शिकवणाऱ्या शाखेतली. सिस्टिम्स किंवा थिअरीवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

विचारलं नाहीत, तरी एक सांगते, कारण तुम्ही एफ-१वर, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर आहात. पुढच्या वर्षी मला ऑफर मिळाली, तर युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसने सीपीटीचा (शिकत असताना इंटर्नशिप करायची परवानगी) अर्ज नऊ दिवस दाबून ठेवला. कारण काय, तर ऑफर लेटरवर कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता नाही. हे सांगितलं नवव्या दिवशी! दोनदा खिडकीशी जाऊन विचारलं, तर "प्रोसेसमध्ये आहे." आठवते तेव्हा अजून संताप होतो. कंपनीचं नाव आणि तारखांसकट सीपीटी आय-२०वर (युनिव्हर्सिटीने दिलेला व्हिसाचा कागद) चढल्याशिवाय एक दिवसही काम करता येत नाही, त्यामुळे माझा पहिला आठवडा बुडाला. ऑफर आली की रिक्रूटरकडून पत्ता, तारखा आणि आठवड्याचे तास लेखी मागून घ्या. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली तर त्या पदवीची ओपीटी (पदवीच्या विषयात, बहुधा शिक्षणानंतर, काम करायची परवानगी) जाते, तोही हिशेब ठेवा. मी वकील नाही, शेवटचा शब्द तुमच्या डीएसओचा, म्हणजे त्याच ऑफिसमधल्या व्हिसा-अधिकाऱ्याचा.

तक्ता भरून झाला की इथेच टाका. बुधवारी रात्री मी बघते.