व्हॉलंटियर जिम्नॅस्टिक्स कोच म्हणून जगभर फिरता येतं का? सुरुवात कुठून करायची?

येतं की. मी गेली काही वर्षं हेच करतोय, मधे घरी येऊन थोडे पैसे कमवायचे आणि परत निघायचं. तुम्ही लिहिलंय की शाळा-कॉलेजात जिम्नॅस्टिक्स केलं, क्लबमध्ये लहान मुलांना शिकवलं, आता वर्षभराचा ब्रेक घेऊन दर महिन्याला एक नवीन देश बघायचा आणि जाल तिथे फुकट कोचिंग करायचं असा विचार आहे. मला यातलं फक्त ते "दर महिन्याला एक देश" खटकलं, बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

महिन्याभरात काय होतं सांगतो. पहिला आठवडा मुलं तुमच्याकडे नुसती टकामका बघतात, दुसऱ्यात तुम्हाला कळतं की कोणाला काय येतं आणि कोण येतं म्हणून सांगतं, तिसऱ्यात हँडस्टँड जरा सरळ व्हायला लागतो आणि चौथ्यात तुमची बॅग भरून तयार. मग पुढचा व्हॉलंटियर येतो, तो हात वेगळे ठेवायला सांगतो, डोकं वेगळं ठेवायला सांगतो, पोरं पुन्हा शून्यावर. बरं एवढ्यावर भागलं तरी ठीक, खरी भीती बॅक हँडस्प्रिंगची आहे, म्हणजे मागे उडी मारून हातांवर जायचं आणि परत पायांवर उतरायचं. मुलांना तीच हवी असते, पहिल्याच दिवशी मागतात. तिच्यासाठी खांदे पूर्ण मोकळे व्हावे लागतात, ब्रिज म्हणजे हातापायांवर पाठीची कमान पक्की लागते, हँडस्टँड स्थिर लागतो, पोट आत घट्ट धरून ठेवायची सवय लागते, यात महिने जातात. तुम्ही घाईघाईत आधार देऊन चार वेळा उलटवलंत आणि निघून गेलात की मुलं ती तुमच्याशिवाय करून बघणार, मॅटवर नाही तर सिमेंटवर. अर्धी शिकवलेली बॅक हँडस्प्रिंग न शिकवलेलीपेक्षा वाईट, हे मी प्रत्येक नवीन व्हॉलंटियरला सांगतो आणि दर वेळी कोणीतरी मला जुनाट म्हणतं.

म्हणून माझं मत, वर्षात दोन ठिकाणं, फार तर तीन. देश कमी बघून होतील पण बघाल ते नीट बघाल.

दुसरं म्हणजे तुमचा खरा विद्यार्थी मुलं नाहीत, तिथला कोच आहे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी असतं, पीटीचे सर असतील, एखादी माजी खेळाडू असेल, कधी कधी नुसती मोठी झालेली विद्यार्थिनी. तुम्ही गेल्यावर तीच व्यक्ती रोज हॉलचं कुलूप उघडणार आहे. तिला आधार द्यायला शिकवा, म्हणजे हात नक्की कुठे ठेवायचा, कोणत्या क्षणी, मूल आडवं गेलं तर आपण कोणत्या बाजूला सरकायचं. पहिले काही आठवडे तुम्ही शिकवा आणि त्यांनी बघावं, नंतर उलट. आणि शेवटी शेवटी तुम्ही हॉलच्या कोपऱ्यात बसून कंटाळला पाहिजेत, तसं झालं तर काम झालं समजा. हे फोटोत छान दिसत नाही त्यामुळे बऱ्याच जणांना आवडत नाही :)

फिलिपिन्सचा कार्लोस युलो आठवतो का, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) आणि व्हॉल्ट (पळत येऊन टेबलावरून उडी) अशी दोन सुवर्णपदकं? त्याच्यामागे मुनेहिरो कुगिमिया हे जपानी कोच कित्येक वर्षं होते. ते काही व्हॉलंटियर नव्हते, पदकाच्या आधी ते वेगळेही झाले, पण बाहेरच्या कोचचं काम मुरायला किती वेळ लागतो याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. आपल्याकडून ऑलिंपियन बिलिंपियन घडणार नाही, ते डोक्यातून काढून टाका.

मग घडणार काय? पडायला शिकणं. मी विनोद करत नाहीये. पाय खांद्याएवढे, गुडघे वाकलेले, हात पुढे, आवाज न करता उतरणं, मागे पडलात तर हात मागे न टेकता पाठीवर गोल होणं. मनगट आणि कोपर सर्वात जास्त तिथेच मोडतात, हात मागे टाकल्यावर. पहिले पंधरा दिवस मी बहुतेक हेच करून घेतो, त्याच्या जोडीला कोलांटी, कार्टव्हील, भिंतीला पोट लावून हँडस्टँड. याला भारी सामान लागत नाही. सामानाचं रडगाणं सगळीकडे असतं, पण बीमची, म्हणजे ज्यावर तोल सांभाळत कसरती करतात त्या आडव्या दांड्याची रुंदी फक्त १० सेंमी असते, तेवढी चिकटपट्टी जमिनीवर मारली की अर्धं बीम तिथेच शिकून होतं. खरा बीम ५ मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच, त्यावर चढायची घाई कोणालाच नको. जुगाड मात्र मॅटच्या बाबतीत करू नका. फाटकी मॅट, मधे फट पडलेल्या दोन मॅट, ओलसर गाद्या, यावर घोटे मुरगळतात. आणि मिनी ट्रॅम्पोलिन कुठे धूळ खात पडलेलं दिसलं तर कितीही मोह झाला तरी स्प्रिंगा आणि कापड तपासल्याशिवाय आणि उतरायला जाड मॅट असल्याशिवाय बाहेर काढू नका, ती वस्तू बाहेर आली की मुलं तुमचं ऐकणं बंद करतात.

जागा शोधायची कशी हा तुमचा मूळ प्रश्न. व्हॉलंटियरिंगच्या नावाने पॅकेज विकणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा, पैसे तुमचे, काम तुमचं, आणि क्लबला त्यातलं काय पोचतं ते कोणी सांगत नाही. भरायचेच असतील तर आधी विचारा की यातले क्लबच्या हातात किती जातात, उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या. एफआयजी म्हणजे जिम्नॅस्टिक्सची आंतरराष्ट्रीय फेडरेशन, १८८१ पासूनची, तिच्या साइटवर सगळ्या सदस्य देशांच्या फेडरेशन सापडतात. त्यांना लिहा, आणि त्यांच्या यादीतल्या छोट्या क्लबना थेट लिहा. मोठ्या क्लबना तुमची गरज नसते. सरकारी योजना पण आहेत, जपानची १९६५ पासूनची ओव्हरसीज व्हॉलंटियर योजना जिम्नॅस्टिक्स कोचसुद्धा पाठवते, अमेरिकेची पीस कोअर आहे, पण त्या त्यांच्या त्यांच्या नागरिकांसाठी. अमेरिकेतल्या समर कॅम्पना जिम्नॅस्टिक्सवाले लागतात, ते जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर असतं आणि थोडे पैसेही मिळतात, जास्तीत जास्त चार महिने. सुरुवातीला वाईट नाही.

कोचिंगचा कागद हातात असू द्या. एफआयजीची अकॅडमी तीन लेव्हलची आहे पण तिथे आपल्या फेडरेशनमार्फत जावं लागतं, लगेच नाही जमलं तर निदान आपल्या फेडरेशनचा बेसिक कोर्स आणि एक फर्स्ट एड. डोक्याला मार लागला की मूल त्या दिवशी परत खेळणार नाही, एवढा नियम तरी पाठ पाहिजे, मग ते मूल कितीही "मी बरा आहे" म्हणो. मनगट सतत दुखतंय म्हणणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलाला पण "सवय होईल" म्हणून ढकलायचं नाही, तिथे हाडाची वाढ चालू असते.

व्हिसाबद्दल एकच सांगतो, "पगार नाही म्हणजे काम नाही" असं बऱ्याच देशांचा कायदा मानत नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन कोचिंग करू नका, क्लबकडून पत्र घ्या आणि दूतावासाला लेखी विचारा. ब्रिटनमध्ये चॅरिटीसाठी काम करायचा वेगळा व्हिसा आहे. युरोपात शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, १८० दिवसांत ९० दिवसच राहायचा नियम तुमचं सगळं वेळापत्रक ठरवतो. इन्शुरन्स पण तसंच, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत कोचिंग करताना तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली दुखापत बहुधा धरत नाहीत, ते वेगळं घ्यावं लागतं.

आता जरा नको वाटणारा विषय. तुम्ही अनोळखी माणूस आहात आणि मुलांना हात लावणार आहात. कोणी तुमच्याकडे संशयाने बघितलं तर राग मानू नका, उलट ज्या क्लबने काहीच चौकशी केली नाही तिथे मला शंका येते. उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या लॅरी नासर या डॉक्टरचं प्रकरण या खेळात सगळ्यांना माहीत आहे, २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात बोलल्या. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेसाठी तो व्हॉलंटियर डॉक्टर म्हणूनच काम करायचा. फुकट काम करणारा माणूस चांगलाच असणार हा समज त्यामुळे संपायला हवा होता, काही ठिकाणी अजून संपलेला नाही. तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट स्वतःहून पाठवा. एका मुलाबरोबर बंद हॉलमध्ये एकटं थांबायचं नाही. आधार देण्याआधी कुठे हात लावणार ते दाखवायचं आणि विचारायचं, मूल नको म्हणालं तर सोपा व्यायाम द्यायचा. मुलांशी खाजगी चॅटिंग नाही, जे काय असेल ते पालक आणि कोच असलेल्या ग्रुपवर. आणि मुलांचे फोटो, विशेषतः खेळाच्या कपड्यातले, स्वतःच्या अकाउंटवर टाकायचे नाहीत, लाइक किती का मिळेनात.

कपड्यांवरून पण काही ठिकाणी मुली येणं बंद होतं, घरचे लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा, पाय उघडे राहणारा खेळाचा पोशाख) बघून नाही म्हणतात. तिथे वाद घालायचा नाही, पायभर पूर्ण सूट नियमात बसतो हे सांगायचं. जर्मनीच्या मुलींनी टोकियो ऑलिंपिकमध्ये तोच घातला होता, मोबाइलवर दाखवा, आईबाप ऐकतात. फक्त ढगळ टी-शर्ट नको, उलटं झाल्यावर तोंडावर येतो आणि आधार देणाऱ्याचा हात त्यात अडकतो.

भाषा येत नाही म्हणून अडून राहू नका. थांब, घट्ट, हळू, परत, दुखतंय का, एवढं तिथल्या भाषेत विमानात बसायच्या आधी पाठ करा, बाकीचं करून दाखवता येतं. "दुखतंय का" चं उत्तर कळायला पण शिका, नाहीतर विचारून काय उपयोग.

पैशाचं म्हणाल तर राहणं आणि जेवण क्लबने द्यावं, प्रवास, व्हिसा, इन्शुरन्स आपला, असंच माझं बहुतेक ठिकाणी ठरतं. हे ईमेलवर लिहून घ्या. दिवसाला किती तास, आठवड्याला सुट्टी किती, हे पण लिहून घ्या, कारण फुकटचा कोच मिळाला की सकाळची बॅच, दुपारची बॅच, रविवारचा खास वर्ग असं वाढत जातं, आणि दिवसभर मुलं उचलून दमलेला माणूस संध्याकाळी आधार द्यायला अर्धा सेकंद उशिरा पोचतो. मी एका ठिकाणी याच कारणावरून चांगल्या लोकांशी भांडून बसलोय आणि परत भांडेन.

पहिल्या ईमेलमध्ये आपली पदकं लिहू नका. किती वयाच्या मुलांना काय शिकवलंय, किती महिने थांबाल, कोणते कागद आहेत, आणि तुम्ही शिकवत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, मुलांचे चेहरे न दिसणारा. बऱ्याच जणांचं उत्तर येणार नाही. ज्यांचं येईल त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉल करा आणि हॉल दाखवायला सांगा, मॅट आणि छताची उंची नीट बघून घ्या, आणि तिथला कोच कॉलवर आलाच नाही तर का आला नाही ते विचारा.