नाडी रुंद होत नाही, फरक वाढतो

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या 74 वर्षांच्या आईचं बीपी 164/58 भरलं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर 'वाइड पल्स प्रेशर' असं लिहून दिलं. घरी आईला समजावताना ताईंनी 'रुंद नाडीदाब' असा तर्जुमा केला. त्यावर आई म्हणाल्या, "रुंद नाडी लेंग्याला असते गं, मला कुठून आली?" तर याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, आणि 'नाडीदाब' जोडून लिहायचा की तोडून, हे ताईंना हवं आहे.

मी डॉक्टर नाही. नौपाड्यात बसून आरोग्यपुस्तिकांची मुद्रितं तपासण्यात बरीच वर्षं गेली, तेवढ्या अधिकारावर सांगतो: तुमच्या आईंचा भाषेचा कान पक्का आहे.

मराठीत रस्ता रुंद असतो, कपाळ रुंद असतं, छाती रुंद असते. डोळ्यांनी आडवं मोजता येतं ते रुंद. (घोडबंदर रोडच्या आसपास राहणाऱ्यांना 'रुंदीकरण' हा शब्द वेगळा शिकवायला नको.) फरक मात्र रुंद नसतो, तो मोठा असतो, जास्त असतो, वाढतो. आणि 'पल्स प्रेशर' म्हणजे फरकच. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. 120/80 असेल तर 40, हे साधारण ठीक. 60च्या वर गेला की तो वाढलेला समजतात. आईंचा 164 वजा 58, म्हणजे 106.

खरी गोम इथे आहे. नावात 'दाब' असला तरी ही वजाबाकी आहे, यंत्रावर वेगळा दिसणारा तिसरा दाब नव्हे. त्यामुळे 'नाडीदाब' ऐकणाऱ्याला वाटतं, नाडी दाबून काहीतरी मोजलं असावं. काहींनी मला 'दाबांतर' सुचवला होता. दिसायला सुबक आहे, पण भाषांतर, स्थलांतर, वेषांतर यांच्या रांगेत तो जाऊन बसतो, आणि तिथे 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. दाबांतर म्हणजे मग दाब बदलणं! त्यापेक्षा पुस्तकात 'नाडीदाब' ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वरच्या-खालच्या दाबातला फरक' असं उलगडून सांगावं. घरात बोलताना तर 'वरच्या-खालच्यातला फरक' एवढंच पुरे. 'तफावत'ही चालेल, पण तिला हिशेबात घोळ झाल्याचा वास येतो.

आता मराठीचा एक फायदा सांगतो. इंग्रजी शब्द फरक वाढला एवढंच सांगतो, कुणामुळे ते सांगत नाही. आपण मात्र सहज म्हणतो, 'वरचं चढलंय' किंवा 'खालचं उतरलंय'. डॉक्टरही कारण शोधताना हाच प्रश्न मनात विचारतात.

वरचं चढण्याचं उतारवयातलं नेहमीचं कारण म्हणजे ताठरलेल्या रोहिण्या. हृदयाने रक्त ढकललं की महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगते, आणि हृदय सैल पडतं तेव्हा ती पुन्हा आक्रसून रक्त पुढे सारते. तिची लवचीकता गेली की फुगणं नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आक्रसणं नाही, म्हणून खालचा घसरतो. एकाच कारणाने दोन्ही टोकं ताणली जातात. साठीनंतर वरचा वाढत आणि खालचा उतरत जाताना दिसतो तो बहुधा यामुळे.

नुसतं खालचं उतरलं असेल तर रक्ताला कुठेतरी सोपी वाट मिळाली आहे असं समजायचं. महारोहिणीच्या तोंडाशी असलेली झडप गळते, ढकललेलं रक्त मागे येतं. डायलिसिससाठी हातावर रोहिणी थेट शिरेला जोडून केलेल्या फिस्टुलातही अशीच आडवाट असते. ताप, रक्तक्षय, गरोदरपण, थायरॉइडचा अतिरेक यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदय जोरात काम करतं, तिथेही फरक वाढतो. डोक्याला मार लागल्यावर वरचं चढू लागलं, नाडी मंदावली आणि श्वास बिघडला, तर तो कवटीतला दाब वाढल्याचा इशारा असतो. तिथे शब्दचर्चा करत बसू नये, दवाखाना गाठावा.

गळक्या झडपेची नाडी बोटाला उसळून लागते आणि चटकन विरते. इंग्रजीतलं तिचं नाव शब्दशः 'पाण्याचा हातोडा' असं भाषांतरित झालेलं मी पाहिलंय आणि लाल पेनाने खोडलंय. ते नाव व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका खेळण्यावरून आलं: हवा काढून पाणी भरलेली काचेची नळी उलटी केली की पाणी टोकावर ठक्कन आपटायचं. मराठीत 'उसळती नाडी' म्हणावं. याच आजारात ठोक्यागणिक मान डुलते, त्या लक्षणाला फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्युसे याचं नाव आहे, कारण त्याचीच मान तशी डुलायची.

तपासणीत पहिलं काम म्हणजे पुन्हा मोजणं. स्टेशनचा पूल चढून आल्या आल्या नव्हे. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा, दोन्ही हातांवर. पट्टा अपुरा पडला तर आकडा फुगतो. मग डॉक्टर रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून थांबायला लावून छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला ऐकतात. तिथे गळतीचा फुंकर घातल्यासारखा आवाज येतो. अशा आवाजांना 'मर्मर' म्हणतात, आणि संस्कृतात मर्मर म्हणजे सुक्या पानांची सळसळ. शंका असेल तर टूडी एको, जोडीला कार्डिओग्राम, हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंडाच्या तपासण्या.

आणखी एक. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल असताना, म्हणजे खालच्या दाबाच्या भरवशावर. वरचं उतरवायच्या गोळ्या खालचंही उतरवतात, म्हणून आईंच्या गोळ्या शेजाऱ्यांच्या सल्ल्याने वाढवू नका. वहीत दोन्ही आकडे लिहा, नुसतं 'बीपी 164' नको.

राहिला जोडून-तोडूनचा प्रश्न. रक्तदाब, हवेचा दाब ही उदाहरणं समोर ठेवा. समास झाला की जोडून, 'चा' आला की तोडून. म्हणजे 'नाडीदाब' जोडूनच. आणि दाब पुल्लिंगी, तेव्हा नाडीदाब वाढला, 'वाढली' नाही.